चिठ्ठीशिवाय माल मिळणार नाही

२ मार्च, रविवार

ही वही कारखान्याची आहे. निवृत्त झालो तेव्हा स्टोअरमध्ये दोन कोऱ्या वह्या उरल्या होत्या, त्या रीतसर सही करून घेतल्या. चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो, पण एक खिळासुद्धा फुकट घरी आणला नाही. म्हणून आधी हे लिहून ठेवलं.

आज घरात सभा झाली. मुलाच्या कारखान्यात काम घटलंय, आता आठवड्याला तीनच दिवस बोलावणार आणि पगारही अर्धा. सूनबाई सकाळी लाँड्रीच्या काउंटरवर बसते, त्यात घरभाडंसुद्धा निघत नाही. तिने सगळे खर्च कागदावर मांडले आणि तळाला जे उरलं, तो आठवड्याचा किराणा. आकडा ऐकून थोरली नात म्हणाली की एवढ्यात मांजर पोसलं जाईल. आम्ही माणसं पाच. गेले दोन आठवडे सूनबाईचे पैसे शुक्रवारीच संपले होते.

मी माझ्या खोलीत पडून ऐकत होतो. माझी ही गेल्याला सहा महिने होत आले, तेव्हापासून मला झोप फार येते. भिंतीकडे तोंड केलं की उजेड लागत नाही. पण गेल्या आठवड्यात मुलगा फोनवर त्याच्या ताईशी बोलताना कानावर पडलं, 'बाबांना काही दिवस तुझ्याकडे पाठवतो, इथे आता जड जातंय.' काही दिवस म्हणजे काय, ते मला कळतं. वापरात नसलेला माल आम्हीही असाच आधी 'काही दिवस' मागच्या गोदामात टाकायचो. लेक माझी गुणी आहे, पण दुसऱ्याच्या घरातल्या पॅसेजमध्ये खाट टाकून मला मरायचं नाही.

उठलो, बाहेर गेलो आणि म्हटलं, किराणा माझ्याकडे द्या. त्याच रकमेत बसवून दाखवतो. सगळे माझ्याकडे बघत राहिले. सूनबाईने एक मिनिट विचार केला आणि पैशांचं पाकीट माझ्यासमोर सरकवलं. ज्याच्या हाती किल्ली, त्याला कुणी घराबाहेर काढत नाही. हे मी वहीत लिहितोय, बोललो कुणाला नाही.

५ मार्च, बुधवार

बाहेरच्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं केलं. चादरी माझ्या खाटेखाली गेल्या, कपाटात किराणा आला. कुलूप नवं. दारावर पाटी लावली : चिठ्ठीशिवाय माल मिळणार नाही. पाटी मीच लिहिली, अक्षर अजून हलत नाही.

पद्धत सोपी आहे. चिठ्ठीवर तारीख, माल, वजन, कारण आणि सही. स्टोअर सकाळी सात ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच उघडं. तांदूळ माणशी रोज पंचाहत्तर ग्राम. आधी आलेला माल आधी बाहेर. फ्रिजला कुलूप बसत नाही, म्हणून अंड्यांवर पेन्सिलने नंबर घातले.

आज सहालाच उठून दाढी केली. लुंगीवर स्टोअर उघडणं बरं दिसत नाही.

धाकटी आठ वर्षांची आहे. तिची पहिली चिठ्ठी : 'माल बिस्कीट. नग दोन. कारण पोट म्हणतंय.' मी शेरा मारला, कारण अपुरे. तिने तोंड फुगवलं, पण शिस्त लहानपणीच लागलेली बरी.

९ मार्च, रविवार

पहिला आठवडा रकमेत बसला, वर थोडे उरले. मुलाला दाखवले तर नुसतं 'छान' म्हणाला. सूनबाईच्या चिठ्ठ्या बघण्यासारख्या असतात. सुवाच्य अक्षर, वजन नेमकं, कुठे खाडाखोड नाही. फक्त कारणाच्या रकान्यात ती रोज एकच शब्द लिहिते, 'जेवण'.

थोरलीने पावावरून वाद घातला. तिचं म्हणणं, आपण रोज शिळाच पाव का खातो? मी समजावलं की जुना संपल्याशिवाय नवा काढायचा नसतो. ती म्हणाली, 'पण आजोबा, जुना संपेपर्यंत नवा जुना होतो.' म्हटलं, बरोबर, मग त्याची पाळी येते. ती कपाळावर हात मारून निघून गेली. पंधरा वर्षांची मुलगी, तिला स्टोअरचं शास्त्र काय कळणार.

१३ मार्च, गुरुवार

समोरच्या नर्सबाई दुपारी आल्या. निवृत्त आहेत, एकट्या राहतात, जीभ तिखट. मला 'स्टोअरसाहेब' म्हणतात. सूनबाईने चहा टाकला आणि साखर मागितली. तेव्हा अडीच वाजले होते. मी सांगितलं, पाच वाजता चिठ्ठी दे. पाहुण्यांसमोर मी आवाज चढवला नाही, हे मुद्दाम लिहितो.

नर्सबाईंनी बिनसाखरेचा चहा घेतला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, दात कोरून पोट भरत नाही, स्टोअरसाहेब. मी म्हटलं, पण थेंबे थेंबे तळं साचतं. म्हणीला म्हण दिली की माणूस गप्प बसतो. सूनबाई मात्र न्हाणीघरात गेली आणि किती वेळ नळ सोडून बसली. पाण्याचंही बिल येतं, हे तिला कधीतरी सांगायला हवं.

१८ मार्च, मंगळवार

थोरलीची परीक्षा सुरू आहे. सकाळी स्टोअर उघडायच्या आधीच फ्रिजमधलं सात नंबरचं अंडं हातात घेऊन उभी होती. सात नंबर गुरुवारचा आहे. मी विचारलं, चिठ्ठी? तिने अंडं जागेवर ठेवलं, दप्तर उचललं आणि पाणी पिऊन निघून गेली.

मला वाईट वाटलं. नाही असं नाही. दारापर्यंत गेलोही होतो, पण तोवर ती जिना उतरून गेली होती. एकदा सवलत दिली की रांग लागते. चौतीस वर्षांत एकदाच दिली होती, एका फिटरला, ओळखीवर, आणि त्या महिन्यात स्टॉक जुळला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तो दिवस मी विसरलेलो नाही. स्टॉक न जुळणाऱ्या स्टोअरकीपरला कुणी ठेवत नाही.

ही असती तर तिने मला न विचारता अंडं उकडून दिलं असतं.

२१ मार्च, शुक्रवार

रात्रीच्या जेवणाला मुलाने ताट पुढे ढकललं. म्हणाला, बाबा, पोरींची वाढीची वयं आहेत. मी म्हटलं, मग रक्कम वाढवून दे. मग माझंच मला लागलं, कारण तो कुठून देणार. मी माझ्या भातातला अर्धा भात धाकटीच्या ताटात घातला आणि तिने निमूट खाल्ला.

मी स्वतः पंचाहत्तरऐवजी पन्नासच ग्राम घेतो, हे कुणाला ठाऊक नाही. पट्ट्याला नवं भोक पाडलं. साठी उलटल्यावर माणसाला लागतं किती.

२६ मार्च, बुधवार

काय झालं देव जाणे, सोमवारपासून घराचा सूरच बदललाय. कुरकुर नाही, वाद नाही. सूनबाई चिठ्ठी देताना चक्क हसली. तांदूळ पाच जणांचा मागायच्या ऐवजी तिने तिघांचाच मागितला. विचारलं तर म्हणाली, 'पुरतो, बाबा.' शेवटी पद्धत अंगवळणी पडली म्हणायची. माणसाची भूक म्हणजे निम्मी सवय, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

मुलगाही आता रोज सकाळी सातला बाहेर पडतो. तीन दिवस काम आणि उरलेले दिवस दुसरीकडे काम शोधत असणार. संध्याकाळी हाताला ग्रीस लागलेलं असतं. मिळेल ते करत असेल बिचारा. मी काही विचारत नाही, पुरुषाला असल्या वेळी विचारू नये.

२ एप्रिल, बुधवार

एक महिना झाला. मालाची उचल चाळीस टक्क्यांनी कमी. कारखान्यात हा आकडा दाखवला असता तर माझा सत्कार झाला असता. इथे मीच माझा आलेख काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. धाकटीने बघून विचारलं, 'आजोबा, ही घसरगुंडी आहे का?'

तिची तब्येत सुधारली आहे. गाल वर आलेत. कमी खाल्लं की अंगी लागतं, हे खोटं नाही.

संध्याकाळी मात्र घर मोकळं असतं. दोघी नाती नर्सबाईंकडे अभ्यासाला जातात. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून सूनबाई तेल लावायला जाते. मुलगा कामावरून आला की त्यांचा नळ दुरुस्त करायला जातो, या आठवड्यात तिसऱ्यांदा. नर्सबाईंना फुकटचे नोकर मिळालेत. मी मुलाला म्हटलं, नळ आहे की धरण? तो खाली मान घालून हसला.

९ एप्रिल, बुधवार

रात्री जेवायला बसलो तर माझ्याखेरीज कुणाला भूक नाही. सूनबाई दोन घास खाते, पोरी ताटात बोटं फिरवतात. भात उरतो. उरलेला मी दुसऱ्या दिवशी दुपारी खातो, आधी आलेला आधी. दुपारी घरात कुणी नसतं. ताट घेऊन बसतो आणि कपाटाकडे बघत खातो.

नर्सबाईंच्या घरातून रोज संध्याकाळी कांदा परतल्याचा वास येतो. एकट्या बाईला एवढा कांदा लागतो कशाला? काल तर त्या दुकानातून मोठं पातेलं घेऊन आल्या. म्हटलं, कुणी पाहुणे येणार का? म्हणाल्या, येऊन गेले की सांगते.

वास आला की खिडकी लावून घेतो.

१४ एप्रिल, सोमवार

आज खरं ते लिहितो. मला हे काम नकोसं झालंय.

किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालतो, तिचा वळ उठलाय. सकाळी सात आणि संध्याकाळी पाचची वेळ चुकवून मी कुठे जाऊ शकत नाही. बागेत बसणारे माझे दोघे जुने सोबती महिनाभरात दिसलेले नाहीत. मध्ये लेकीचा फोन आला. म्हणाली, बाबा, चार दिवस या ना. मी म्हटलं, स्टोअर कुणावर सोडू? ती हसली. मला वाटलं, हा फोन तिला शिकवून करायला लावलेला असणार. एकदा गेलो की किल्ली जाईल आणि पाठोपाठ खाट.

म्हणजे सोडावं तर जागा जाते आणि धरून बसावं तर घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. बोलतात ते चिठ्ठीपुरतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण आता मागे कसा फिरू? 'जमत नाही' म्हणणाऱ्या माणसाची या घरात गरज काय?

१७ एप्रिल, गुरुवार

तांदळात किडे झाले.

दहा किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून या महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतलं होतं. आज वर्तमानपत्रावर पसरून निवडत बसलो तर हात थांबला. दहा किलो तांदूळ पाच माणसांच्या घरात, माझ्या मापानेसुद्धा, आत्तापर्यंत सहा किलोच्या आसपास यायला हवा होता. आठ किलोच्या वर शिल्लक आहे. पिठाचीही तीच गत, बटाट्यांना कोंब आलेत.

माल हलत नाही. नव्या पोरांना मी हीच गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायचो : माल कमी उचलला जातोय आणि तरी मशिनं चालू आहेत, तर खुश होऊ नका, दुसरीकडून आवक आहे का बघा. हे मला चौतीस वर्षं कळत होतं आणि आपल्याच घरात महिनाभर कळलं नाही. धाकटीचे गाल कशाने वर आले?

पोरांनो, चोरी तर चोरी, पण खाण्याची?

१८ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी सहाला सगळे 'नर्सबाईंकडे जाऊन येतो' म्हणून गेले. मी दहा मिनिटं थांबलो. कपाटाला कुलूप आहे याची खात्री केली, पायात चपला घातल्या आणि समोर गेलो. दार लोटलेलंच होतं.

आत माझं सगळं घर जेवत होतं. जमिनीवर सतरंजी, मध्ये ते मोठं पातेलं. सूनबाई वाढत होती. थोरलीच्या ताटात दोन अंडी होती. मुलगा काहीतरी सांगत होता आणि नर्सबाई पोट धरून हसत होत्या. मी मुलाला असं बोलताना ही गेल्यापासून पाहिलं नव्हतं. कामाचे कपडे तसेच अंगावर, खिशाला कारखान्याचा बिल्ला.

पहिल्यांदा धाकटीने मला पाहिलं. ती अजिबात घाबरली नाही. सरकून जागा केली आणि म्हणाली, 'आजोबा, तुम्हीपण या ना. इथे चिठ्ठी लागत नाही.'

मुलगा ताटावरून असा उठला की जणू मास्तर वर्गात आलेत. नर्सबाई म्हणाल्या, बसा, गरम आहे. मला राग आला होता, पण त्याहून भूक लागली होती, आणि त्या भुकेची मला फार लाज वाटली. मी तसाच परत आलो.

पाच मिनिटांत दोघं मागोमाग आले. पोरींना तिकडेच ठेवलं. मुलगा खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. त्याने सांगितलं की चोवीस मार्चपासून काम पूर्ण सुरू झालंय, सहाही दिवस, पूर्ण पगार. नर्सबाईंच्या घरी किराणा भरून ठेवलाय आणि सूनबाई तिथेच रांधते. मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही? तो बायकोकडे बघायला लागला.

मी म्हटलं, 'मला माहीत आहे. मला ताईकडे पाठवायचंय. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून ही नाटकं. सांगा ना, उद्याच जातो.'

सूनबाई आजवर माझ्यापुढे कधी आवाज चढवून बोललेली नाही. आजही चढवला नाही. म्हणाली, 'ठरलंच होतं, बाबा. एप्रिलमध्ये तुम्हाला पाठवायचं ठरलं होतं. सहा महिने तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला होतात. ताट तसंच परत यायचं. मला वाटायचं, एक दिवस मी चहा घेऊन येईन आणि तुम्ही उठणारच नाही. मग तुम्ही ती किल्ली घेतलीत आणि तिसऱ्या दिवशी दाढी केलीत. मी यांना म्हटलं, आता कुठेही पाठवायचं नाही.'

मी म्हटलं, मग काम परत सुरू झाल्यावर तरी सांगायचं.

'सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली ठेवून परत जाऊन झोपला असता. पोरींना उपाशी ठेवता येईना आणि तुम्हाला झोपू देता येईना. दुसरं काय करणार होते मी?' तिचा आवाज इथे फाटला. 'तुम्हाला घालवायचंच असतं, तर पन्नास ग्राम साखरेसाठी रोज चिठ्ठ्या लिहून देत बसले असते का?'

दीड महिन्याच्या तिच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत. एकाही चिठ्ठीवर खाडाखोड नाही.

किल्ली गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि खोलीत आलो. हे लिहून झालं की झोपणार.

२० एप्रिल, रविवार

किल्ली टेबलावरच आहे. कुणी उचलत नाही. धाकटी अभ्यासाला बसते तेव्हा वही किल्लीच्या बाजूने सरकवून घेते. कपाट उघडंच आहे, कुलूप कडीला नुसतं लटकतंय. पाटी कुणी काढली नाही, मीही काढली नाही.

आज सगळे घरीच जेवले. ताजा पाव होता. थोरलीने माझ्यासाठी ताट वाढून आणलं, मी भूक नाही म्हणालो. ती दारात उभी राहिली. मला तिला त्या सात नंबरच्या अंड्याबद्दल काही म्हणायचं होतं. शब्द जमवेपर्यंत ती ताट स्टुलावर ठेवून गेली.

कुणी मला टोचून बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आधी वाटायचं, हे मला घालवतील. आता कळलंय की घालवणार नाहीत, आणि यांच्यासाठी करण्यासारखं माझ्यापाशी काही नाही हेही कळलंय. पूर्वी निदान पैशांची टंचाई तरी होती.

भिंतीकडे तोंड केलं की खरंच उजेड लागत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

काल लिहिलं नाही, दिवसभर पडूनच होतो.

आज सकाळी सात वाजले असतील. भिंतीकडे तोंड करून जागाच होतो. मुलगा कामावर गेल्याचा, पोरी शाळेत गेल्याचा आवाज आला. मग सूनबाई दारात आली. आत आली नाही. लाँड्रीत जायची तिची वेळ झाली होती, खांद्याला पर्स होती हे मी वळून न बघताही ओळखलं, तिची साखळी वाजते.

मग म्हणाली, 'बाबा, तेल संपलंय. किती आणायचं, तुम्ही बघता का?'

तेल संपलेलं नाही. पाच लिटरचा डबा मी सात तारखेला आणला आणि शुक्रवारी मी कुलूप लावलं तेव्हा त्यात साडेतीन लिटर होतं. तीन-चार दिवसांत एवढं तेल पाच माणसं पिऊनसुद्धा संपवू शकत नाहीत. हे तिला माहीत आहे. मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. तिचा आवाज थोडा कापत होता. खोटं बोलायची सवय नाही तिला, महिनाभर बोलूनही लागलेली नाही.

चौतीस वर्षांत खोट्या मागणीवर मी एकदाही सही केली नव्हती.

मी म्हटलं, 'थांब. बघतो.' आणि उठून बसलो. चपला सापडेनात तेव्हा तिनेच आत येऊन खाटेखालून पायाने पुढे सरकवल्या आणि मग ती कामावर गेली.